कुकुडकोंब्याची मुळी

गेनबाला कुकुडकोंबा जितका कळला होता, तितकी कुशाबाई कळली नव्हती. बायकोबरोबर त्याने एकतीस वर्षं काढली होती. पाखराबरोबर त्याहून जास्त. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अलीकडे त्याची वाडी होती. वाडीच्या मागे करंज, बेहडा आणि जुन्या आंब्यांची दाट राई होती. झाडपाल्याची औषधं देणारा माणूस तो, त्यामुळे दिवसातला निम्मा वेळ राईतच जायचा. तिथे तो झाडाला पाठ लावून तासन्‌तास बसायचा आणि पाखराकडे बघायचा.

शिकलेली माणसं या पाखराला भारद्वाज म्हणतात. अंगाने डोमकावळ्याएवढा. काळा कुळकुळीत, पंख मात्र भाजलेल्या विटेच्या रंगाचे, दुसऱ्या कुणाचे तरी काढून अंगावर घातल्यासारखे. डोळा लाल, निखाऱ्यावर राख धरायच्या आधी असतो तसा. उडायचा त्याला कंटाळा. पाटलाने शिवार बघत निघावं तसा तो पाचोळ्यातून पावलं टाकत चालतो, मध्येच थांबतो, मान वाकडी करतो आणि नाकतोडा उचलतो. केसाळ सुरवंट सापडला तर आधी फांदीवर घासून घेतो. गोगलगाय असली तर शंखासकट दगडावर आपटतो. आणि घुमतो तो असा, की रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणीतरी हुंकार देतंय. एक घुमला की राईच्या दुसऱ्या टोकाहून दुसरा ओ देतो.

सकाळी तो दिसला तर दिवसभरात गोड खायला मिळतं, असं लोक म्हणतात. त्याला बुलबुलाच्या घरट्यातलं उघडंवाघडं पिल्लू गिळताना त्यांनी बघितलेलं नसतं. गेनबाने बघितलं होतं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट पाखराबद्दलचा आदर वाढला होता.

खेडपासून आळंदीपर्यंतची माणसं एके काळी त्याच्या ओट्यावर यायची. कावीळ, नागीण, मूतखडा, बाईच्या अंगावरून जाणं, सगळ्याला त्याच्याकडे पाला होता. घेत काही नसे. फक्त माणसाने ओट्याखाली उभं राहून दुखणं सांगावं, दोनदा सांगावं, आणि बरं झाल्यावर चार लोकांत त्याचं नाव घ्यावं, एवढी त्याची अपेक्षा असे. मग पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघाला आणि चाकणात एक इंजेक्शनवाला डॉक्टर येऊन बसला. बुरशीपासून औषध करतात हे ऐकल्यावर गेनबा इतका हसला होता की त्याला ठसका लागला. पण ओट्याखालची माणसं कमी होत गेली. शेवटी उरल्या त्या शेजारच्या मंजुळाबाई, आणि त्याही औषधाला कमी, बोलायला जास्त यायच्या.

अशात माघ महिन्यात कुशाबाईच्या अंगावरून वारं गेलं. चुलीपुढे भाकरी थापता थापता ती उजव्या अंगावर कलंडली. हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि वाचा बसली. गेनबाने निर्गुडीचा शेक दिला, एरंडेल चोळलं, लसूण दुधात शिजवून पाजला. पाच महिने गेले. बाई बाजेवर पडून राहिली. डावा हात तेवढा हलायचा. त्या हाताने ती दाराकडे बोट करायची, पुन्हा पुन्हा, रस्ता जातो त्या बाजूला. गेनबाला त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला होता. तो म्हणायचा, उजेड डोळ्यावर येतोय व्हय, आणि दार लोटून घ्यायचा.

आषाढात तिचा भाऊ उद्धवराव आला. तो देहूरोडच्या डेपोत फिटर होता, लोखंडात हात घालून वीस वर्षं झालेला, कमी बोलणारा माणूस. बहिणीची पाठ बघून तो बाहेर आला. पाठीला जखमा पडल्या होत्या. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हिला नेतो, तिथं अशी माणसं उठून बसवतात, असं तो म्हणाला. गेनबाने ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं: वाडीतून बैलगाडी चालली आहे, गाडीत त्याची बायको आहे, दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत, आणि ती काय बोलताहेत ते त्याला ऐकू येतं आहे.

"मला एक मुळी ठाव हाय," तो म्हणाला. "ती गावली का ही चालत दारात यील तुझ्या."

"किती दिस लागतील, दाजी?"

"गौरीपतूर."

"गौरीपतूर थांबतो," उद्धवराव म्हणाला. "मग न्हाई."

मुळीची गोष्ट गेनबाला त्याच्या बापाने सांगितली होती, बापाला त्याच्या बापाने. कुकुडकोंब्याच्या पिल्लाच्या पायात लोखंडी साखळी घालावी. पाखरू ती बघतं, रानात जातं आणि एक मुळी घेऊन येतं. ती लागली की लोखंड सुटतं. लोखंड सोडवणाऱ्या मुळीपुढे लुळा हात काय आणि बसलेली वाचा काय. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण करून कुणीच बघितलं नव्हतं, कारण हे पाखरू शुभ आणि त्याच्या पिल्लाला बेडी घालणाऱ्याचं बरं होत नाही, हेही सगळ्यांना तितकंच ठाऊक होतं.

राईच्या कडेला करवंदीच्या जाळीत घरटं होतं. काड्यांचा आणि पानांचा घागरीसारखा गोल, बाजूला तोंड. आत तीन पिल्लं. कुकुडकोंब्याचं पिल्लू म्हणजे देवाने अर्धवट सोडलेलं काम: कातडी काळी, अंगभर राठ पांढरे केस, म्हाताऱ्याच्या कानातून निघतात तसे. हात लावला की ते सापासारखं फुत्कारतं आणि मागून काळपट घाण सोडतं. तिचा वास दोन दिवस हातावरून जात नाही. गेनबाने थोरलं पिल्लू निवडलं. शेळीच्या गळ्यातल्या साखळीची शेवटची कडी त्याच्या पायात घातली आणि पकडीने दाबून घट्ट केली. एक बोटसुद्धा मोकळी जागा ठेवली नाही. सैल बेडी ही बेडीच नव्हे, आणि फसवलेलं पाखरू मुळी कशाला आणेल? साखळीचं दुसरं टोक त्याने जाळीच्या बुंध्याला आवळलं. नर-मादी वरच्या फांदीवर बसून त्याच्याकडे बघत होती. ओरडली नाहीत. तो दहा पावलं मागे सरल्यावर मादी खाली उतरली आणि तिने पिल्लाच्या तोंडात एक सरडा कोंबला.

त्यानंतर गेनबा रोज राईत जाऊ लागला. सकाळी एकदा, उन्हं कलताना एकदा. घरट्यात हात घालून नवीन आलेली पानं तो वेचून काढी. कुकुडकोंब्याची सवयच अशी, की अंड्यांवर बसल्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो घरट्यात हिरवा पाला आणून घालत राहतो. ही सवय गेनबाने तीसहून जास्त वर्षं बघितली होती, साखळी नसलेल्या प्रत्येक घरट्यात बघितली होती. पण गरज पडली की माणूस आधी माहीत असलेलंच विसरतो. प्रत्येक पान त्याला मुळीचं वाटे. गंजलेल्या विळ्यावर चोळून तो वाट बघे. खरी मुळी पाण्यात उलटी चढते म्हणतात, म्हणून ओढ्यात टाकून ते धारेच्या उलट जातं का बघे. जायचं नाही. मग तो ते वाटून कुशाबाईला पाजायचा. कुणी सांगावं, लोखंडाला लागायला वेळ लागत असेल, माणसाला लवकर लागत असेल.

कुशाबाईला ते गिळवत नसे. तो डाव्या हाताचं मनगट गुडघ्याखाली दाबून, पळीच्या दांड्याने दात उघडून रस ओतायचा. काही पानं कडू होती, काहींनी तोंड सोललं, एकाने तिला दोन दिवस हगवण लागली. मंजुळाबाई धुणं घेऊन जाताना एकदा म्हणाल्या, गेनूभावजी, पाखराचं पोरगं आन् माणसाची बाई, दोघंबी तुमच्या हातात गावली की वो. गेनबाला यातला टोमणा लागला नाही. त्याला वाटलं, बाईने आपलं कौतुक केलं.

मधलं पिल्लू श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात घरट्याबाहेर पडलं आणि आईबापामागे पाचोळ्यातून चालू लागलं. धाकटं मुंग्यांनी खाल्लं. बेडीतलं तेवढं राहिलं. त्याच्या अंगावर पिसं आली, पंखांना विटेचा रंग चढला. ते घरट्याच्या तोंडाशी यायचं, उडी घ्यायचं, साखळी ताणली जायची आणि ते जाळीच्या काट्यांत उलटं लोंबकळायचं. पुन्हा चढायचं, पुन्हा उडी घ्यायचं. कडीखालचा पाय आधी सुजला, मग काळा पडला. जायचे दिवस उलटून गेले तरी आईबाप त्याला भरवत राहिले. त्यांना थांबता येत नव्हतं. आणि ती जोवर भरवताहेत तोवर मुळी येण्याची आशा आहे, असं गेनबा धरून चालला होता.

गौरी बसल्या त्या दिवशी सकाळी तो राईत गेला तर साखळी जाळीला लोंबत होती. कडी रिकामी होती. घरट्यात पिल्लू नव्हतं.

त्याने कडी हातात घेतली. ती तुटली नव्हती, वाकली नव्हती. त्याने दाबून बसवली होती तशीच, बंद. गेनबा तिथेच पाचोळ्यात बसला. बाप म्हणाला होता, लोखंड सुटतं. तुटतं असं म्हणालाच नव्हता. मग त्याने आख्खं घरटं जाळीतून उपसून धोतराच्या सोग्यात बांधलं, साखळी खांद्यावर टाकली आणि वाडीतल्या प्रत्येक दारावरून, हळूहळू चालत, घरी आला.

दुसऱ्या दिवशी गौरीच्या जेवणाला उद्धवराव बैलगाडी घेऊन आला. गाडीत गवत अंथरलेलं होतं, त्यावर गोधडी. ओट्याखाली वाडी जमली होती, कितीतरी वर्षांनी. गेनबाने साखळी त्याच्या हातात दिली. उद्धवरावाने कडी उजेडात धरली, जोडावरून नख फिरवलं, डोळ्याजवळ नेली. तो वीस वर्षं हेच करत आला होता. लोखंड खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं तो डेपोतल्या पोरांना सांगायचा.

"कानस लागल्याली न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तापवल्यालीबी न्हाई. तोंड तसंच्या तसं मिटल्यालं हाय."

"मग?" गेनबाने विचारलं.

उद्धवरावाने कडी कपाळाला लावली. दसऱ्यापर्यंत थांबतो, म्हणाला. कुणाला पाखराच्या पायाचा विचार सुचला नाही. सगळे लोखंडाकडेच बघत होते. बाजेवरून कुशाबाईने रिकामी गाडी वळताना बघितली. तिचा डावा हात उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. मंजुळाबाई म्हणाल्या, बघा, भावाला हात करतीय.

सगळे गेल्यावर गेनबाने बाजेशेजारी घोंगडी पसरून घरटं सोडलं. या पानांतलं एक पान खरं होतं. तो एकेक उचलून रांगेत मांडू लागला: करंज, पळस, भोकर, बांबू. तळाशी वाळकी पानं चिकटून गठ्ठा झाला होता. तो फोडला आणि त्यातून काहीतरी घोंगडीवर पडलं.

पंजा होता. काळा, सुरकुतलेला, बोटं आत वळलेली. मागचं नख लांब आणि सरळ, दाभणासारखं. असं नख राईतल्या दुसऱ्या कुठल्याच पाखराला नसतं, आणि गेनबाला ते कळायला डोळे मिचकावण्याएवढाही वेळ लागला नाही. वर, कडी बसते तिथे, हाड स्वच्छ होतं. मुंग्यांनी पुसून घेतलं होतं.

त्याने मान वर केली. कुशाबाई बघत होती. पंजाकडे बघून झालं होतं तिचं. ती आता त्याच्याकडे बघत होती. वाकड्या तोंडातून एक आवाज आला. ते रडणं नव्हतं. बराच वेळ गेनबाला कळलं नाही, मग कळलं, ती हसत होती.

पंजा त्याने चुलीत घातला. सकाळी तो राईत गेला. पिल्लू फार लांब गेलेलं नव्हतं. कुकुडकोंबा चालणारं पाखरू, आणि एका पायावर चालता येत नाही. ते करंजाच्या मुळाशी पंख टेकून बसलं होतं, पुढ्यात आईने आणून टाकलेला हिरवा सुरवंट वळवळत होता. गेनबाने त्याची मान मुरगळली. कुणी गुराख्याने बघितलं असतं तर? मेलेलं पाखरू त्याने मुंग्यांच्या वारुळावर फेकलं. हातावरचा वास राख लावून धुतला तरी गेला नाही. त्या हाताने त्याने दुपारी बायकोला भाकरीचा घास दिला तेव्हा तिने दात मिटून घेतले.

लोक येऊ लागले. खेडहून आले, शेलपिंपळगावाहून आले. कुणाचा पोरगा मुका, कुणाचा बाप लुळा. गेनबा त्यांना साखळी दाखवायचा, दोनदा दुखणं सांगायला लावायचा आणि करंजाची वाळकी पानं पुडीत बांधून द्यायचा. कुशाबाईला मात्र त्याने पाला देणं बंद केलं. लोकांसमोर वाटायचा तो, पण वाटीत गुळाचं पाणी असायचं. त्याला आता ती बोलायला नको होती. या घरात एवढंच एक माणूस होतं की ज्याने पंजा बघितला होता, आणि त्याची वाचा बसलेली होती. यापेक्षा मोठी सोय देवाने कुणाची केली नव्हती.

भाद्रपद सरत आला होता. गेनबा एका दुपारी विहिरीवरून परतला तर आतून आवाज आला. शेळी आत शिरून गोधडी चावत होती आणि कुणीतरी तिला म्हणत होतं, "हाल... हाल, मेले." शब्द जड होते, लाळेत भिजलेले, पण शब्द होते. गेनबा घागर घेऊन दाराबाहेरच थांबला. पंधरा-वीस दिवस पाला बंद होता. मग हे कशाने झालं? कशानेच नाही. अंगावरून गेलेलं वारं आपल्या वेळेने थोडं मागे फिरलं होतं, गेनबाला न विचारता.

तो आत गेला. ती गप्प झाली. त्याने घागर उतरवली, शेळी बाहेर काढली आणि बाजेच्या कडेवर बसला. मग अगदी मऊ आवाजात तो बोलला.

"बोल की. मी कशाला आडवू? पंज्याचं सांग, पाखराचं सांग, समदं सांग. पर तू त्वांड उघडलंस का लोक काय म्हन्तील ठाव हाय? म्हन्तील, गेनबाच्या मुळीनं बाई बोलाया लागली. तू मला खोटा म्हनशील आन् तुझ्या त्वांडानंच मी खरा ठरंन."

हे सुचल्याचा त्याला इतका आनंद झाला की तो उठून तिच्या पायावरची गोधडी नीट करू लागला. कुशाबाई आढ्याकडे बघत पडली होती. त्यानंतर तिने शेळीलाही हाक मारली नाही.

दसऱ्याला उद्धवराव आला तो खडीच्या ट्रकमधून, दोन सोबती घेऊन. आपट्याची पानं वाटत माणसं घरोघर फिरत होती. ती सगळी गेनबाच्या अंगणात येऊन थांबली. गेनबाने नवं मुंडासं बांधलं होतं. त्याने स्वतः बायकोला भिंतीला टेकवून बसवलं, तोंड पुसलं आणि बाजूला झाला. आज ती बोलेल याची त्याला खात्री होती. आठ महिने मुकं राहिलेलं माणूस, समोर भाऊ, एवढी माणसं. राग असो, रडू असो, काहीतरी बाहेर येणारच. आणि जे येईल ते त्याचंच होतं.

उद्धवराव बहिणीपुढे उकिडवा बसला. "आक्का," तो म्हणाला, "वळखलंस का?"

कुशाबाईने त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले. तोंड मिटलेलं होतं.

त्याने पुन्हा विचारलं. आईचं नाव घेतलं, माहेरच्या म्हशीचं नाव घेतलं. मंजुळाबाईंनी पदराने डोळे पुसले. कुशाबाईच्या ओठाच्या कडेने लाळेची तार निघाली आणि हनुवटीवर थांबली. ती पुसायला तिने डावा हातसुद्धा उचलला नाही.

"गुण न्हाई आला, दाजी," उद्धवराव उठत म्हणाला.

"ती बोलती," गेनबा म्हणाला. "म्या माझ्या कानानं ऐकलंय. शेळीशी बोलली ती."

कुणीतरी मागे हसलं. उद्धवरावाच्या सोबत्यांनी बाज दोन्ही टोकांना धरली. गेनबा आडवा गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो लोकांसमोर खरं बोलत होता आणि ते त्याच्या तोंडात परकं वाटत होतं. ती मुद्दाम गप्प आहे, तो म्हणाला. माझं नाव बुडवायला गप्प आहे. शपथ घेतो, देवळात चला. मग त्याने बाजेच्या खुराला धरून बायकोच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"बोल की गं. काय म्हनायचं त्ये म्हन. शिव्या दे. पर एक शबूद बोल."

कुशाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ किंचित हलले. गेनबाने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि कान पुढे केला. तिने डोळे मिटून घेतले. उद्धवरावाने त्याचा हात खुरावरून सोडवला, उगाच दुखणार नाही अशा बेताने, वेड्या माणसाचा सोडवतात तसा.

ट्रक गेल्यावर लोकांनी पानंही वाटली नाहीत. पुडी नेलेली एक बाई खेडहून दुसऱ्या दिवशी आली आणि पुडी ओट्यावर ठेवून परत गेली. पाठोपाठ दुसरी आली. गेनबा आत बसून राहायचा. राईत जाणं त्याने सोडलं. तिकडे घुमणं चालूच असायचं, एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्याने ओ.

कुशाबाई पुण्याहून काठीला धरून बाहेर आली आणि देहूरोडला भावाकडे राहिली. डेपोला जाणाऱ्या वाडीतल्या माणसांना ती नळावर दिसायची. ते येऊन सांगायचे, जीभ जरा जड आहे पण बाई नळावर कुणाला ऐकत नाही, पंजाबी बायकांशीसुद्धा भांडते. गेनबा विचारायचा, माझं काही बोलली का. सांगणारा म्हणायचा, तुमचं नाव काढलं की न्हाई बोलत. घागर भरली न भरली तरी उचलते आणि जाते.